दुर्बिणीतलं धुकं

६ जानेवारी, सोमवार

आजपासून रोज एक पान लिहायचं, असा करार झालाय. मुंगीच्या वर्गबाईंनी तिला सांगितलं, मुलाखतीआधी रोज लिहीत जा, म्हणजे डोक्यातलं नीट बाहेर यायला शिकेल. मुंगी म्हणाली, आजी लिहिणार असेल तर मी लिहीन. मी म्हटलं, बये, मी तिसरीतून शाळा सोडली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली. ती म्हणाली, मग सुट्टी पुरे झाली. अकरा वर्षांची आहे आणि जीभ ही एवढी. कुणावर गेलीय कोण जाणे.

एकमेकींची वही वाचायची नाही, हेही ठरलंय. माझं अक्षर बघता तिला वाचताही यायचं नाही.

तर गोष्ट अशी. डोंगरावर एक शाळा आहे. मुलं तिथेच राहतात, तिथेच झोपतात, सुट्टीतच घरी येतात. श्रीमंतांची शाळा, पण दरवर्षी दोन मुलं हुशारीवर घेतात, फुकट. वर्गबाईंनी मुंगीला परीक्षेला बसवलं आणि ही पास झाली. आता मुलाखत, ८ फेब्रुवारीला. आधी शाळा दाखवणार, मग मुलाला विचारणार आणि मग घरच्यांना. घरची म्हणजे मी. मुंगीची आई ती चार वर्षांची असताना गेली. बाप, म्हणजे माझा मुलगा, ट्रक चालवतो. महिन्यातले चार दिवस घरी असतो, त्यातले तीन झोपतो.

मी रफू करते. लोकांच्या कपड्यांची भोकं मी अशी बुजवते की भोक होतं हे ज्याचं त्यालाही सापडू नये. मला आणखी काही येत नाही. एवढं पुरतं.

११ जानेवारी, शनिवार

वर्गबाईंनी वीस प्रश्नांची यादी दिली. दुकान बंद केल्यावर इस्त्रीचं टेबल ओढलं आणि मी त्या शाळेच्या मोठ्या बाई झाले. मुंगीला समोर स्टुलावर बसवलं.

"नाव काय तुझं?"

"तुला माहीत नाही?"

"मोठ्या बाईंना असं बोलणार आहेस?"

"मोठ्या बाई अशा फतकल मारून बसणार आहेत?"

पाय खाली घेतले. यादीतला चौथा प्रश्न, तुझी सगळ्यात मोठी कमतरता कोणती? कार्टी म्हणाली, "आजी." मी टेबलावर हात आपटला. ती हसली नाही.

सातवा प्रश्न, घरापासून लांब राहायला जमेल का? वर्गबाईंनी शेजारी लिहून दिलंय, ठामपणे हो म्हणावे. मुंगी म्हणाली, "बघू."

"बघू काय? बाजारात वांगी घ्यायला आलीयेस?"

"आजी, पुढचा विचार ना."

बाकी एकोणीस उत्तरं फाडफाड देते. सातव्यालाच घोडं अडतं.

१४ जानेवारी, मंगळवार

कोपऱ्यावरचा घड्याळवाला पँट परत घेऊन आला. म्हणाला, "मावशी, गुडघ्यावर वेगळं दिसतंय."

मी म्हटलं, "तुझ्या गुडघ्याकडे बघायला कोण रांग लावून बसलंय?" शेजारचा शिंपी मशीन थांबवून हसला. आमचं दुकान एकच आहे, अर्धं त्याचं, अर्धं माझं. त्यामुळे माझी भांडणं त्याला फुकटात ऐकायला मिळतात.

मुंगी कोपऱ्यात अभ्यास करत होती. उठली आणि म्हणाली, "ठेवून जा काका. बघतो आम्ही." आम्ही! माझ्या दुकानात माझ्या वतीने. मला असा राग आला. पण तो ठेवून गेला. लोक हल्ली फार चिकित्सक झालेत. पूर्वी कुणी एक कपडा परत आणत नव्हतं, गेल्या वर्षभरात चार आले.

१९ जानेवारी, रविवार

अभ्यास सोडून ही पोर काय करत होती, तर माझ्या रिळांना चिठ्ठ्या चिकटवत होती. प्रत्येक रिळाच्या टोकाला गोल कागद, वर मोठ्या अक्षरात रंगाचं नाव. काळा. निळा. करडा. राखी. मातकट. मी विचारलं, हा काय खेळ? म्हणे, अक्षर सुधारायला सांगितलंय बाईंनी. अक्षर सुधारायला माझीच रिळं मिळाली.

आणि सकाळी शाळेत जाण्याआधी वीस सुया ओवून उशीत खोचून ठेवते. हे गेल्या वर्षापासूनचं खूळ. मी म्हटलं, मी काय थोटी आहे? ती म्हणाली, मला आवडतं, आजी. आवडतं तर आवडू दे. माझा वेळ वाचतो.

२० जानेवारी, सोमवार

काही झालं नाही. करार आहे म्हणून लिहिलं.

२७ जानेवारी, सोमवार

मुंगीला मुलाखतीला घालायला काही धड नव्हतं. माझ्या एका वकीलबाई गिऱ्हाइकाने मुलीचा आखूड झालेला काळा कोट दिला. चांगलं लोकरी कापड, फक्त उजव्या कोपराला इस्त्रीने जाळलेलं भोक, रुपयाएवढं.

शक्यतो मी बाहेरचा धागा लावत नाही. ज्याचा कपडा त्याच्याच आतल्या दुमडीतून धागे उपसते, म्हणजे रंगाची भानगड नाही. पण या कोटाच्या दुमडी कुणा शहाण्याने आधीच कापलेल्या. मग रिळावर आले. मुंगीच्या चिठ्ठ्यांच्या रिळांना मी हात लावला नाही. चिठ्ठी वाचून धागा घ्यायला मी काय कालची पोर आहे? तळाशी एक बिनचिठ्ठीचं काळं सापडलं, मुद्दाम तेच घेतलं. दुपारभर बसले. आधी उभे धागे, मग एक वर एक खाली करत आडवे. बोटांनी चाचपलं, तर कापड कुठे संपतं आणि रफू कुठे सुरू होतो ते बोटांनाही कळेना. असा रफू फार दिवसांनी जमला.

मुंगीने घालून पाहिला. आरशापुढे कोपर वळवून वळवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "छान झालंय, आजी. कळतसुद्धा नाही."

"कळेल कसं?" मी म्हटलं.

शिंपी बघायला आला. त्याने तोंड उघडलं तेवढ्यात मुंगीचा पाय त्याच्या पायावर पडला. चांगला जोरात. मोठ्या शाळेत जायचंय आणि अजून चालायचं भान नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सातव्या प्रश्नाला आज तिने काही उत्तरच दिलं नाही. भिंतीकडे बघत बसली. मी म्हटलं, अगं, तिथे तोंडात मूग गिळून बसलीस तर दुसरं कुणी ती जागा घेऊन जाईल. ती म्हणाली, "मग त्यालाही बरं वाटेल."

मुलाचा फोन आला. त्याला सांगितलं तर म्हणे, आई, तिला नकोच असेल तर राहू दे ना. मी म्हटलं, तू रस्त्यावर लक्ष ठेव. मी तिसरीत सोडली, तू नववीत. या घरात एकीला तरी शेवटचं पान बघू दे.

भित्री नाही ती. कुत्र्याला भीत नाही, अंधाराला भीत नाही, मला तर नाहीच नाही. मग कशाला भिते?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या सहाची बस. कोट टांगलाय. माझी चप्पल शिंप्याने पॉलिश करून दिली. त्याला म्हटलं, मला काय विचारतील? तो म्हणाला, "काकू, काहीही विचारू दे, तुम्ही फक्त शिव्या देऊ नका."

९ फेब्रुवारी, रविवार

काल रात्री परत आलो. आज दुकान उघडलं नाही. आधी शाळेचं लिहिते, मग बाकीचं. बाकीचं लिहायला मला जरा दम घ्यावा लागेल.

फाटकापासून शाळेपर्यंत चालायलाच दहा मिनिटं. दोन्ही बाजूंना झाडं, एवढी जुनी की माझ्या आजीच्या आजीला त्यांनी पाहिलं असेल. आम्ही आठ-दहा जण. टाय लावलेले बाप, अत्तराचा वास मारणाऱ्या आया आणि इस्त्री केलेली मुलं. एक उंच मुलगी बिल्ला लावून पुढे, तिने सगळं दाखवलं. तेरा-चौदा वर्षांची असेल, पण बोलायची अशी की जणू घर तिच्या बापाचं आहे आणि आम्ही आलो याचा तिला आनंद झालाय.

पहिल्यांदा पुस्तकांची खोली. खोली कसली, तीन मजले एकात एक. भिंती नाहीतच, पुस्तकंच. वरची काढायला शिडी, शिडीला चाकं. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले. जत्रेत हरवल्यासारखं झालं आणि तिथून निघूच नये असंही. मी बिल्लेवालीला विचारलं, "ही सगळी कुणी वाचलीत?"

ती म्हणाली, "कुणीच नाही, आजी."

"मग ठेवलीत कशाला?"

"कुठलं कधी लागेल ते आधी माहीत नसतं ना."

हे मला पटलं. माझ्या रिळांचं तसंच आहे. एका टायवाल्याने विचारलं, दहावीचा निकाल किती टक्के लागतो. त्याला ती शिडी दिसलीच नाही.

मग एक लांबलचक वाट, दोन्हीकडे मिळून बारा दारं, सगळी बंद. प्रत्येक दारामागे एक मूल वेगवेगळं वाद्य वाजवतंय. मधून चालताना एक सूर मागे राहायचा, दुसरा पुढे यायचा. कुणी चुकायचं, थांबायचं, परत पहिल्यापासून. चुकायला दार लावून एक अख्खी खोली दिलेली. मी जन्मात असं काही पाहिलं नाही. आम्ही चुकलो की चारचौघांतच.

जेवायची जागा, तिथे चारशे ताटं. पोहायचं पाणी, आडव्या टाकलेल्या आरशासारखं. एका खोलीत हाडांचा सापळा टांगलेला. मुंगीने पुढे होऊन त्याच्या बरगड्या मोजल्या आणि पुटपुटली, "बरोबर आहेत." घरी आणल्यावर टोमॅटो मोजते तशी. तेव्हा मी तिचं तोंड पाहिलं. भूक लागलेल्या माणसासमोर ताट आल्यावर दिसतं तसं तोंड. मी मनात म्हटलं, हिला इथे यायचंय. नक्की यायचंय.

सगळे पुढे गेले तसं मी बिल्लेवालीला विचारलं, "कपडे कुठे धुता?" आजवर हे कुणी विचारलं नव्हतं म्हणे. तिने मागच्या बाजूला नेलं. चारशे मुलांचे कपडे, भिंतभर कप्पे, प्रत्येकावर नंबर. तोच नंबर मोज्यापासून टोपीपर्यंत लाल दोऱ्याने शिवलेला. एक मोजा हरवत नाही. माझे तर हात जोडले गेले. तिथल्या बाईंना विचारलं, रफू कोण करतं? त्या म्हणाल्या, "फाटलं की टाकून देतो." एवढ्या मोठ्या शाळेत एवढं एकच अज्ञान सापडलं.

शेवटी गच्चीवर. तिथे गोल घुमट. बिल्लेवालीने एक चाक फिरवलं आणि छप्पर उघडलं. छप्पर! डब्याचं झाकण सरकावं तसं. वर आकाशाची फाक आणि खाली तोफेसारखी दुर्बीण. रात्री तारे बघतात, पण आज दिवसा आम्हाला समोरच्या डोंगरावरची पाण्याची टाकी दाखवायला लावून ठेवलेली. एकेक जण बघायचा आणि 'अरे वा' म्हणायचा. मुंगीने बघितलं. बराच वेळ हललीच नाही. मग माझी पाळी. डोळा लावला, तर आत पांढरट, धुरकट, काही नाही.

मी म्हटलं, "यात धुकं आहे."

मागून मुंगी पटकन म्हणाली, "हो, धुकंच आहे, आजी."

एका टायवाल्याने आमच्याकडे पाहिलं. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, हे मला खाली उतरताना जाणवलं. म्हटलं, डोंगरावरचं हवामान.

त्याच दिवशी, चहा पिऊन

आता बाकीचं.

मुंगीला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. वीस मिनिटांनी ती आली, माझ्याकडे न बघता बाकावर बसली. मग मला बोलावलं.

मोठ्या बाई माझ्याच वयाच्या. टेबल नव्हतं, दोन खुर्च्या समोरासमोर. मी यादीतली सगळी उत्तरं तोंडात धरून बसले होते. त्यांनी यादीतलं एकही विचारलं नाही. म्हणाल्या, "आजी, तुमची नात म्हणते तिला इथे यायचं नाही. तुम्हाला हे माहीत होतं?"

"काय म्हणाली?"

"कारण विचारलं तर म्हणाली, ते माझं एकटीचं नाही, म्हणून सांगणार नाही."

मी बंद दाराकडे वळून बघितलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तिच्या कोटाचा कोपर तुम्ही शिवलात? इतकं बारीक काम मी कधी पाहिलं नाही."

"रफू आहे तो. शिवण नव्हे."

"काळ्या कोटावर निळा धागा मुद्दाम घेतलात का?"

मी म्हटलं, "हो. मुद्दाम."

तोंडातून निघून गेलं. चाळीस वर्षं रफू केलेल्या हातांना अब्रू असते, ती आधी बोलली. आणि बोलल्यावर मग एकेक यायला लागलं. घड्याळवाल्याचा गुडघा. रिळांवरच्या चिठ्ठ्या, मोठ्या अक्षरात. वीस सुया. शिंप्याचा पाय. लख्ख उन्हात धुकं. आरशापुढे वळवून वळवून बघितलेला कोपर आणि 'कळतसुद्धा नाही, आजी.' वर्षभर ही पोर माझ्या पाठीमागे माझीच भोकं बुजवत होती, आणि असं की मला एक सापडलं नाही. रफू मी करते म्हणे!

मी म्हटलं, "बाई, खोटं बोलले. मला तो काळा दिसला."

त्यांनी नुसती मान हलवली. चांगली बाई. मी म्हटलं, "तिला आत बोलवा."

मुंगी आली. मी विचारलं, "कोपर निळा आहे हे तुला माहीत होतं?"

तिने मोठ्या बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो."

"मग हा कोट घालून इथवर आलीस? या माणसांत?"

"तू केला होतास ना."

"बोलली का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस? घड्याळवाल्या काकांचं ऐकलंस?"

"आवाज खाली. आपण कुठे बसलोय?"

"तूच ओरडतेयस, आजी. मी इथे आले तर तुला कोण सांगणार काळा कुठला? लोक कपडे परत आणतील. मग आणणारच नाहीत. मग तू काय करशील? तुला दुसरं काही येत नाही!"

हे माझंच वाक्य. माझ्याच तोंडचं. मी म्हटलं, "डोळे दाखवते. डॉक्टरला."

"कधी?"

"पंधरा दिवसांत."

"लिहून दे."

मोठ्या बाईंनी कागद आणि पेन पुढे केलं. चारशे मुलांच्या शाळेत, मोठ्या बाईंच्या समोर, मी मांडीवर कागद धरून लिहिलं, मी पंधरा दिवसांत डोळे दाखवीन. खाली सही. मुंगीने वाचून घडी घालून खिशात ठेवला. मग खुर्चीवर नीट बसली आणि म्हणाली, "आता मला परत विचारा."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुला इथे का यायचंय?"

मुंगी म्हणाली, "दुर्बिणीत धुकं नव्हतं. टाकीच्या जिन्यावर घरटं होतं, त्यात तीन पिल्लं होती. एकाची चोच उघडी होती. इतक्या लांबून त्याच्या घशातला लाल रंग दिसला. मला माहीतच नव्हतं की बघता येतं एवढं. मला ते परत बघायचंय. आणि आणखी काय काय बघता येतं ते."

"आणि घरापासून लांब राहायला जमेल?"

सातवा प्रश्न.

"तिला दिसायला लागलं तर जमेल," ती म्हणाली.

बसमध्ये मी तिच्या कोपरावरचा रफू बोटांनी चाचपत आले. उतरताना मी म्हटलं, जागा गेली बहुतेक. ती म्हणाली, "कागद माझ्याकडे आहे."

१२ फेब्रुवारी, बुधवार

पंधरा कशाला, चौथ्याच दिवशी नेलं तिने. डॉक्टरीण माझ्या मुलाच्या वयाची. डोळ्यात उजेड मारून विचारलं, "किती वर्षं असं दिसतंय?"

"असं म्हणजे कसं?" मी म्हटलं. मला वाटलं सगळ्यांना असंच दिसतं.

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. म्हणे, तो पिवळ्या काचेसारखा बसतो, निळ्याचा पार काळा करून टाकतो. "एवढं बारीक काम तुम्ही केलंत तरी कसं?"

"हातांनी," मी म्हटलं.

घरी येऊन शिंप्याला झापलं. सगळं माहीत असून बोलला नाहीस? तो म्हणाला, "काकू, तुमची नात पायावर उभी होती. माझ्या."

६ मार्च, गुरुवार

उजवा डोळा झाला. पट्टी आहे. हे मुंगी लिहितेय, आजी सांगतेय. आजी म्हणतेय की करार मोडायचा नाही. आजी म्हणतेय की मी मागची पानं वाचू नयेत. मी वाचत नाहीये. आजी म्हणतेय, हेसुद्धा लिही.

७ मार्च, शुक्रवार

पट्टी काढली.

मला हे नीट लिहिता येणार नाही, पण लिहिते. पहिल्यांदा डॉक्टरणीचा कोट दिसला. पांढरा. मी इतकी वर्षं पांढरा म्हणून जो बघत होते तो चहा सांडलेला पांढरा होता. हा पांढरा खडखडीत, आवाज होईल असा. मग खिडकी. खिडकीत आकाश. मी विचारलं, हा रंग कुणी दिला? डॉक्टरीण हसली, तिला वाटलं मी भिंतीबद्दल बोलतेय. आकाश निळं असतं हे मला माहीत होतं, तिसरीच्या पुस्तकात होतं. पण एवढं?

एक डोळा झाकायचा, दुसरा उघडायचा. डावा अजून जुनाच आहे. डाव्याने बघितलं की संध्याकाळ, उजव्याने बघितलं की सकाळ. दिवसभर तेच करत बसले. मुंगी म्हणाली, "आजी, लोक बघतायत." बघू देत. मी पण बघतेय.

मुंगीच्या नाकावर सात तीळ आहेत. मला दोनच माहीत होते.

८ मार्च, शनिवार

कोट काढून उन्हात धरला. कोपरावर निळा गोल. लपायचं नाव नाही. बदकाने काळ्या तळ्यात बसावं तसा ऐटीत बसलाय. काम मात्र चोख. एक धागा चुकलेला नाही. मी उसवायला सुई घेतली, तर मुंगीने कोट ओढून घेतला. म्हणाली, हा माझा आहे, निळ्यासकट दिला होतास, आता निळा परत मागू नकोस.

मग घड्याळवाल्याकडे गेले. "ती पँट दे." तो म्हणाला, "राहू दे मावशी, आता सवय झाली." मी म्हटलं, "तुझ्या सवयीला मी काय करू? गुडघा हिरवा आहे!" करड्या पँटला हिरवा गुडघा, परत आणली तेव्हाही मी हिरवाच लावून दिला होता. आणि हा माणूस दोन महिने मुकाट्याने घालून हिंडला. लोक चिकित्सक झालेत असं मी लिहिलं होतं वाटतं. लोक बरेच बरे आहेत.

२४ मार्च, सोमवार

पत्र आलं. मुंगीला घेतलंय. नंबर २१४.

छापील कागद, पण खाली मोठ्या बाईंनी हाताने लिहिलंय, आपल्या नातीने मुलाखतीत दोनदा उत्तर दिलं. आम्ही दुसरं धरलं.

मुंगीने ते तीनदा वाचलं. मी चारदा. मला वाचायला वेळ लागतो म्हणून.

७ जून, शनिवार

डावाही डोळा होऊन गेला. दीड महिना झाला. आज दिवसभर नंबर शिवले. यादीप्रमाणे मोजे सहा जोड, शर्ट पाच, टॉवेल, टोपी, चादरी, सगळ्यांवर लाल दोऱ्याने २१४, डाव्या कोपऱ्यात, बोटभर आत. सुई मी ओवली. पहिल्या फटक्यात. मुंगी समोर बसून बघत होती, हात मांडीखाली दाबून. मला मदत करायची सवय हातांना लागलीय तिच्या.

मध्येच उठली आणि दोन रिळं घेऊन आली, चिठ्ठ्या मुठीत झाकून. "काळा कुठला?"

"उजव्या हातातला. डावा निळा. आणि माझी परीक्षा घेतलीस तर कान उपटीन."

"बरोबर," ती म्हणाली. मग चौदा वेळा घेतली. चौदाही बरोबर. मोजत मीही होते.

काळा कोट तिने दुकानात खिळ्यावर टांगलाय, कोपर पुढे करून. तिथे गणवेश करडा आहे, काळ्याचं काम नाही. म्हणाली, "कुणी विचारलं तर काय सांगशील? मुद्दाम?"

"चुकलं म्हणून सांगेन," मी म्हटलं.

९ जून, सोमवार

बापाने ट्रकमधून सोडलं. फाटकाच्या आत ट्रक घेत नाहीत, म्हणून आम्ही ती झाडांची वाट तिघं चालत गेलो, पेटी मध्ये धरून. बिल्लेवाली पायऱ्यांवर उभी होती. मुंगीने मला वाकून नमस्कार वगैरे काही केला नाही, मीही तिला कुरवाळलं नाही. ती म्हणाली, "वही लिहीत जा." मी म्हटलं, "तू मोजे बाहेर काढताना उलटे काढू नकोस." ती पायऱ्या चढून गेली. पहिल्यांदाच मला तिची वेणी एवढ्या लांबून दिसली, शेवटच्या पेडापर्यंत.

मग मी वर बघितलं. तो घुमट. बंद होता. आत कुणी नसणार, दिवस होता. तरी मी मान वर करून उभी राहिले, मुलगा हाक मारेपर्यंत.

दुपारी दुकान उघडलं. सुयांची उशी रिकामी. बरं वाटलं आणि नाहीही. काळा लागत होता म्हणून रिळांचा डबा उघडला, तर चिठ्ठ्या नाहीत. एकाही रिळावर नाही. जाण्याआधी बसून सगळ्या सोलून काढल्या पोरीने. कधी काढल्या कळलं नाही.

प्रत्येक रिळाच्या टोकावर डिंकाचा गोल डाग राहिलाय. चिकट आहे, बोटाला लागतो, धूळ धरेल. ओल्या फडक्याने पुसला तर निघेल.

काळा घेतला. कामाला बसले.